चर्च आणि शाळेच्या साइटसाठी मजकूर, फोटो, जुन्या नोंदी देताना: नव्या सभासदांसाठी मार्गदर्शक

चर्च आणि शाळा यांची मिळून एकच साइट असते, तेव्हा ती सहसा दोन-चार स्वयंसेवक आपापली कामं सांभाळून चालवत असतात. त्यांच्याकडे आलेला मजकूर भाषा साधी आहे म्हणून क्वचितच अडतो. अडतो तो सोबतची माहिती नसल्यामुळे. फोटो कोणी काढला, त्यात कोण आहे, मुलाच्या घरच्यांना विचारलं का, ‘येत्या रविवारी’ म्हणजे नेमकी कोणती तारीख, हे कळल्याशिवाय संपादक पुढे जाऊ शकत नाही. मग विचारणा होते, उत्तर यायला चार दिवस लागतात आणि तोवर कार्यक्रम होऊनही जातो. म्हणून छान लिहिण्यापेक्षा पूर्ण माहिती देण्याकडे जास्त लक्ष द्या.

अशा बऱ्याच साइट वर्डप्रेसवर (साइट बनवण्याच्या आणि चालवण्याच्या प्रणालीवर) चालतात, त्यामुळे तांत्रिक भाग तिथला आहे. दुसरी प्रणाली असेल तर बटणांची नावं बदलतील, अडचणी साधारण त्याच राहतील.

१. हा मजकूर कोणाचा, ते आधी ठरवा

उपासनेच्या वेळा, बाप्तिस्मा, लग्न, निधन, संडे स्कूल या गोष्टी चर्चच्या. प्रवेश, परीक्षा, सुट्ट्या, पालकसभा शाळेच्या. मंजुरी देणारी माणसं दोन्हीकडे वेगळी असतात: एकीकडे पाळक किंवा धर्मगुरू आणि मंडळीची समिती, दुसरीकडे मुख्याध्यापक. नाताळचा कार्यक्रम, शाळेच्या वाढदिवसाची उपासना असे दोघांचे विषय मात्र नेहमी लटकतात, कारण दोन्हीकडचे लोक ‘समोरच्यानं होकार दिला असेल’ असं धरून चालतात. अशा मजकुरावर दोन्ही मंजुऱ्या तुम्हीच मिळवा आणि पाठवताना तसं लिहून द्या.

२. हाताशी काय हवं

- साइटवरचं तुमचं खातं. नसेल तर संपादकांचा मजकूर स्वीकारण्याचा ई-मेल
- युनिकोड मराठी कीबोर्ड, म्हणजे ज्यातली अक्षरं कोणत्याही फोन-संगणकावर मराठीच दिसतात (फोनवरचा चालतो)
- फोटोच्या मूळ फाइल, चॅटवरून फिरून आलेल्या नकोत
- मुलांचे फोटो असतील तर पालकांची लेखी संमती
- दुसऱ्या कोणी काढलेला फोटो किंवा लिहिलेला मजकूर असेल तर त्यांची परवानगी. एका ओळीचा ई-मेल पुरतो
- जुनी कागदपत्रं असतील तर सपाट काचेचा स्कॅनर, मऊ पेन्सिल आणि स्वच्छ, कोरडे हात

३. खातं मिळालं, पण बटणच दिसत नाही

नव्या सभासदाला वर्डप्रेसमध्ये सहसा ‘कॉन्ट्रिब्युटर’चा दर्जा मिळतो. या दर्जात लेख लिहिता येतो, कच्चा मसुदा जतन करता येतो आणि तपासणीसाठी पाठवता येतो. प्रकाशित करता येत नाही. फोटो चढवताही येत नाहीत. लोक तासभर ते बटण शोधतात, ब्राउझर बदलतात, शेवटी साइट बिघडली म्हणून फोन करतात. बिघडलेलं काही नसतं. फोटो वेगळे पाठवा आणि लेखात जिथे हवे तिथे [फोटो १], [फोटो २] असं लिहून ठेवा.

लेख प्रकाशित झाला की कॉन्ट्रिब्युटरला स्वतःच्याच लेखात बदल करता येत नाही, हेही आधीच माहीत असू द्या. नियमित लिहिणार असाल तर ‘ऑथर’चा दर्जा मागा, त्यात स्वतःचे फोटो चढवणं, लेख प्रकाशित करणं, दुरुस्त करणं सगळं येतं. समितीतल्या पाच जणांनी एकच पासवर्ड वाटून घेणं मात्र टाळा. कोणी काय बदललं ते मग कधीच कळत नाही, आणि एक जण समिती सोडून गेला की पासवर्ड बदलायचं कोणाच्या लक्षात राहत नाही.

४. मजकूर लिहिताना

पहिल्या दोन ओळींत काय, कधी, कुठे आणि कोणासाठी हे सगळं आलं पाहिजे. प्रस्तावना त्यानंतर. वाचणारा फोनवर बघत असतो, त्याला वेळ हवी असते.

तारीख वार आणि सालासकट लिहा: ‘रविवार, ५ एप्रिल २०२६, सकाळी ८ वाजता’. वार लिहिल्याचा एक फायदा असा की तारीख चुकली तर वाराशी जुळत नाही आणि चूक छापण्याआधीच पकडली जाते. ‘काल’, ‘पुढच्या आठवड्यात’, ‘यंदा’ हे शब्द काढून टाका. तोच लेख तीन वर्षांनी कोणी उघडेल तेव्हा त्यांना काही अर्थ उरणार नाही.

नावं त्या माणसाला विचारून लिहा. एकाच आडनावाची दोन-तीन रूपं एकाच मंडळीत असतात आणि आपलं आडनाव चुकलेलं कोणालाच आवडत नाही. रेव्हरंड, फादर, सिस्टर, डॉक्टर या उपाध्या पहिल्या उल्लेखात पूर्ण द्या, पुढे लघुरूप चालेल.

आता फॉन्ट. चर्चची किंवा शाळेची जुनी पत्रकं बहुधा श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. तो मजकूर उचलून साइटवर डकवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. पीडीएफमधून कॉपी केला तरी तेच. ओळखायची सोपी पद्धत: दोन ओळी साध्या नोटपॅडमध्ये डकवा. अक्षरं मराठीच राहिली तर मजकूर युनिकोड आहे. नाही राहिली तर फॉन्ट-परिवर्तकातून काढा आणि नंतर डोळ्यांनी तपासा, कारण रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरं हमखास सरकतात.

युनिकोडमध्येही एक छुपी अडचण आहे. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ या शब्दांतला आडवा रफार दोन पद्धतींनी टाइप होतो: एक नुक्त्याच्या ऱ पासून, दुसरा साध्या र पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधी अ वर चंद्र देऊन ते काढत, आणि काही कीबोर्ड अजून तसंच काढतात. म्हणजे ‘ॲग्नेस’ हे नाव साइटवर असूनही शोधात सापडत नाही. साइटनं यातलं एकच रूप ठरवलेलं असावं. ठरवलं नसेल तर संपादकांना सुचवा.

वर्डमधून डकवताना कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही ही तीन बटणं एकत्र दाबा. नुसता मजकूर येतो, वर्डचे रंग आणि आकार मागे राहतात. उपशीर्षकं ठळक करून भागवू नका, ‘हेडिंग’ निवडा. अंध वाचक स्क्रीन-रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो तेव्हा तो हेडिंगवरून हेडिंगवर उडी मारतो. ठळक ओळ त्याच्यासाठी साधीच ओळ असते.

याच कारणासाठी सजवलेलं पोस्टर म्हणजे सूचना नव्हे. फुलं, मेणबत्त्या आणि तीन रंगांची अक्षरं असलेलं चित्र खुशाल पाठवा, पण त्यातला सगळा मजकूर टाइप करूनही द्या. चित्रातली वेळ शोधात सापडत नाही, वाचून दाखवता येत नाही आणि लहान फोनवर दिसतही नाही.

५. फोटो

सगळ्यात आधी संमती. अल्पवयीन मुलाचा फोटो टाकायचा तर पालकांची लेखी संमती हवी, आणि ती साइटसाठी हवी. शाळेच्या छापील अंकासाठी दिलेली संमती साइटला लागू होत नाही, कारण अंक शे-दोनशे घरांत जातो आणि साइट कोणीही उघडू शकतो. ‘कार्यक्रमाला आले म्हणजे हरकत नाही’ असं धरू नका. कौटुंबिक वादामुळे मूल कोणत्या शाळेत जातं हे लपवून ठेवावं लागणारी घरं असतात, आणि ती घरं तसं कोणाला सांगत नसतात.

संमती असली तरी चेहरा, पूर्ण नाव आणि इयत्ता ही तीन एकत्र येऊ देऊ नका. ‘इयत्ता चौथीचे विद्यार्थी’ एवढं पुरतं. फाइलच्या नावातही मुलाचं नाव नको. फोटोखाली नाव लिहिलं नाही तरी फाइलचं नाव साइटच्या पत्त्यात दिसतं. समूह-फोटोत एका मुलाची संमती नसेल तर दुसरा फोटो निवडा. एकट्याचा चेहरा धूसर केला की बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच जाते.

मग फाइल. फोनमधल्या फोटोत काढल्याची वेळ आणि कित्येकदा जागेचे अक्षांश-रेखांशही साठवलेले असतात. कोणाच्या घरी झालेल्या प्रार्थनासभेचा फोटो मूळ स्वरूपात साइटवर गेला तर त्या घराचा पत्ता गेल्यासारखाच आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती निघून जाते, पण फोटोचा दर्जाही घसरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की दर्जा टिकतो आणि जागेची माहितीही तशीच राहते. तेव्हा मूळ फाइलच पाठवा, फक्त त्याआधी जागेची माहिती काढून टाका. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तळाशी वैयक्तिक माहिती काढण्याचा पर्याय आहे. आयफोनवर फोटो शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ दिसतं, त्यात लोकेशन बंद करा. आयफोनचे फोटो २०१७ पासून बहुधा एचईआयसी प्रकारात असतात. ते जेपेगमध्ये करून द्या, नाहीतर काही संगणकांवर ते उघडतच नाहीत.

साइटवर लावायच्या फोटोला रुंदीत १,६०० ते २,००० पिक्सेल भरपूर झाले. पाच-सहा चांगले फोटो द्या. ऐंशी फोटोंचं फोल्डर पाठवून ‘यातले निवडा’ म्हणणं म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालणं, आणि ते फोल्डर बहुतेक तसंच पडून राहतं.

प्रत्येक फोटोसोबत चार गोष्टी लिहा: प्रसंग व तारीख, कोण कोण (डावीकडून उजवीकडे, ओळ सांगून), कोणी काढला आणि संमतीची स्थिती. शिवाय ज्याला दिसत नाही अशा वाचकासाठी एका वाक्याचं वर्णन: ‘वेदीसमोर दोन ओळींत उभं असलेलं मुलांचं गायनपथक’. ‘सुंदर क्षण’ हे वर्णन नव्हे.

६. जुने फोटो आणि नोंदवह्या

साइटवर सगळ्यात जास्त काळ वाचला जाणारा भाग हाच असतो, आणि सभासदांच्या कपाटांतून तो येऊ शकतो: शाळेचे वर्गफोटो, पायाभरणीची पत्रकं, जुन्या वार्षिकांकांचे गठ्ठे.

कागदपत्रं ३०० डीपीआयवर (दर इंचाला इतके ठिपके) स्कॅन करा, छोटे फोटो ६०० वर. १० × १५ सेंटिमीटरचा फोटो ६०० डीपीआयवर साधारण २,३६० × ३,५४० पिक्सेलचा होतो आणि टिफ प्रकारात सुमारे २५ एमबी जागा घेतो. ही टिफ फाइल जपून ठेवायची. साइटसाठी तिच्यावरून जेपेग काढायची. जेपेग उघडून, बदलून पुन्हा पुन्हा जतन केली की दर वेळी थोडा तपशील कायमचा जातो, म्हणून मूळ प्रत जेपेग नको. काळा-पांढरा फोटोही रंगीतच स्कॅन करा. पिवळेपणा, शाईचा रंग, मागचा शिक्का यांवरून पुढे काळ ठरवायला मदत होते.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, कोणाच्या हातची नावं, कधी तारीख तिथेच असते. नवी माहिती मागे लिहायची झाली तर मऊ पेन्सिलनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेननं नाही, कारण त्याचा उठाव पुढच्या बाजूला येतो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर नकोच. ते परत काढता येत नाही. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, आख्खं पान स्कॅन करा. शिवण ताणली जात असेल अशी वही काचेवर उपडी दाबण्यापेक्षा वरून फोटो काढा: खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा पानाला समांतर धरून.

फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग दिवस, सगळं इंग्रजी आकड्यांत (1, 2, 3), पुढे रोमन अक्षरांत दोन शब्द. असं केलं की फाइल आपोआप काळाप्रमाणे लागतात. तारीख माहीत नसेल तर अंदाजाचं साल लिहून सोबतच्या टिपेत ‘अंदाजे’ म्हणा आणि अंदाज कशावरून बांधला तेही सांगा.

बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या उतरवून द्यायचं काम कोणी घेतलं असेल, तर लॅटिन नोंदींत तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो. पहिलं, महिने. जुन्या वह्यांत ‘७बर’ असं आकड्यानं लिहिलेला महिना जुलै नसतो, सप्टेंबर असतो. ‘८बर’ म्हणजे ऑक्टोबर, ‘९बर’ नोव्हेंबर, ‘१०बर’ डिसेंबर. रोमनांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू होत असे, त्याची ही खूण. दुसरं, वडिलांचं नाव. ते ‘चा मुलगा’ या अर्थानं षष्ठीत येतं, म्हणून ‘योआनिस’, ‘पेत्री’, ‘अंतोनी’ असं दिसतं. मूळ नावं योआनेस, पेत्रुस, अंतोनियुस. हे न कळल्यानं एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. तिसरं, लॅटिन नाव हे धर्मगुरूंनी वहीत लिहिलेलं रूप असतं. घरात, गावात त्या माणसाला वेगळ्याच नावानं हाक मारत असतील. म्हणून वहीत आहे तसं एका रकान्यात, तुमचं वाचन दुसऱ्यात. न लागलेलं अक्षर चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह. अंदाजानं जागा भरू नका.

हयात माणसांच्या नोंदी साइटवर नकोत. बाप्तिस्म्याच्या एका ओळीत जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव आणि गाव असतं, आणि बँका ओळख पटवायला हेच विचारतात. जन्माच्या नोंदी १०० वर्षं खुल्या न करण्याची पद्धत कित्येक अभिलेखागारांत आहे. तीच मर्यादा पाळणं शहाणपणाचं. वही चर्चच्या मालकीची असते, त्यामुळे उतरवायला घेण्याआधी पाळकांची किंवा धर्मगुरूंची परवानगी घ्याच.

७. कॅलेंडरमधली नोंद

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला, म्हणून ‘दरवर्षी पुन्हा’ ही खूण चालते. ईस्टरला चालत नाही. पाश्चात्त्य गणनेनुसार तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कुठेही येतो: २०२६ मध्ये ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला. भस्म बुधवार त्याच्या ४६ दिवस आधी, स्वर्गारोहण ३९ दिवसांनी, पेंटेकॉस्ट ४९ दिवसांनी. म्हणजे एका नोंदीत चूक झाली की चारही चुकतात. ईस्टरची तारीख पक्की करा आणि बाकीच्या तिच्यावरून मोजा. आगमनकाळाचा (नाताळच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार मात्र २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांतलाच असतो.

शाळेचं वेळापत्रक नागरी वर्षावर चालतं, त्यामुळे पवित्र आठवड्यात (ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात) परीक्षा किंवा पालकसभा येऊन पडते. नवी नोंद करण्याआधी त्या आठवड्यातलं दुसऱ्या बाजूचं कॅलेंडर उघडून बघा.

८. गीतं, वचनं, व्हिडिओ

गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या मालकीच्या गोष्टी असतात. ‘सायलेंट नाइट’ पहिल्यांदा १८१८ साली गायलं गेलं, मूळ रचना आज कोणाच्या मालकीची नाही. पण त्याचं अलीकडचं भाषांतर, नवी वाद्यरचना किंवा विकत मिळणारा संगीत-ट्रॅक यांवर हक्क असू शकतो. लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क टिकतो, कित्येक देशांत ७०. शब्द छापण्याऐवजी गीताचं नाव आणि पुस्तकातला क्रमांक दिला की प्रश्नच मिटतो. उपासनेचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवला की पार्श्वसंगीत ओळखलं जाऊन आवाज बंद होऊ शकतो, म्हणून कोणतं संगीत वापरलं ते संपादकांना आधी सांगा.

बायबलचं वचन देताना कोणतं भाषांतर ते लिहा. आधुनिक भाषांतरांचे हक्क प्रकाशकांकडे असतात; दोन-चार ओळी उद्धृत करणं वेगळं आणि आख्खा अध्याय चढवणं वेगळं.

९. निधन, आजार आणि पैसे

निधनाची बातमी कुटुंबानं सांगितल्यावरच, त्यांनी ठरवलेल्या शब्दांत. घराचा पत्ता आणि अंत्यविधीची वेळ एकत्र देऊ नका; त्या वेळी घर रिकामं असतं, हे चोरालाही कळतं. आजाऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती असेल तर त्या आजाऱ्याला विचारा, शेजाऱ्याला नाही, आणि रोगाचं नाव घेऊ नका.

देणगीचा खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड सभासदानं कधीच लेखात घालू नये. तो साइटवर एकाच पानावर असावा, बाकी सगळीकडून त्या पानाचा दुवा द्यावा. ‘खातं बदललं आहे, साइटवर नवा क्रमांक घाला’ असा ई-मेल पाळकांच्या किंवा खजिनदाराच्या नावानं आला तर त्या ई-मेलला उत्तर न देता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. ही फसवणूक जुनी आहे आणि अजूनही चालते.

१०. पाठवणं आणि त्यानंतर

लेखाच्या पत्त्यातला शेवटचा भाग रोमन लिपीत, तीन-चार शब्दांचा ठेवा. मराठी शीर्षक तसंच राहू दिलं तर पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाची टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हं होतात. वर्डप्रेस तो भाग २०० चिन्हांवर तोडतं, म्हणजे बावीसच अक्षरचिन्हं उरतात. शिवाय असा पत्ता चॅटवर पाठवला की कोणाला तो खरा दुवा वाटत नाही.

कार्यक्रमाची सूचना किमान आठवडाभर आधी द्या. रविवारी पहाटे सहाला आपोआप लागावी अशी वेळ लावली असेल तर दोन गोष्टी बघा: साइटचा कालविभाग (टाइम झोन) बरोबर आहे ना, आणि साइटला तेवढ्या पहाटे कोणी भेट देतं का. वर्डप्रेसचं वेळापत्रक कोणी पान उघडलं की जागं होतं. कमी वर्दळीच्या साइटवर सहाची सूचना साडेसातला लागते. शनिवारी संध्याकाळचीच वेळ लावा.

लागलेला लेख फोनवर उघडून तारीख, नावं आणि दुवे तपासा. दुरुस्ती केल्यावरही जुनंच दिसत असेल तर ब्राउझरच्या खासगी खिडकीत बघा, बहुधा साठवलेली जुनी प्रत दिसत असते. बदल कळवताना ‘तिसऱ्या परिच्छेदात अमुकच्या जागी तमुक’ असं लिहा, पूर्ण लेख नव्यानं पाठवू नका. दोन आवृत्त्यांत नेमका फरक शोधणं हे संपादकासाठी सगळ्यात कंटाळवाणं काम असतं.

कोणी फोटो काढून टाकायला सांगितला तर कारण विचारत बसू नका. आणि फक्त लेखातून काढल्यानं तो जात नाही: फाइल मीडिया लायब्ररीत (साइटवर चढवलेल्या फाइलींच्या साठ्यात) राहते आणि थेट पत्ता माहीत असणाऱ्याला दिसत राहते. संपादकांना लायब्ररीतून पुसायला सांगा, जुना थेट पत्ता उघडून गेला की नाही ते बघा, मग शोध यंत्राच्या निकालांतून काढण्याची विनंती करा. तिथून तो नाहीसा व्हायला काही दिवस लागतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.